बालवाडीत जाण्याआधी मुलाला स्वतःचं काय काय करता यायला हवं

नाशिकच्या सिडकोतल्या एका बालवाडीत मी सोळा वर्षं शिकवलं. तिथला एक मुलगा मला विसरता येत नाही. साडेतीन वर्षांचा, चुणचुणीत. रंग ओळखायचा, वीसपर्यंत अंक म्हणायचा, फळांची नावं इंग्रजीत सांगायचा. शाळेच्या दुसऱ्याच दिवशी दहाच्या सुमाराला तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "टीचर, नंबर वन." मला वाटलं, कुठल्यातरी खेळात पहिला आला म्हणून सांगतोय. मी पाठीवर थाप मारली, "शाब्बास!" तो तसाच वळला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. डब्याच्या सुट्टीत मावशींच्या लक्षात आलं, त्याची चड्डी ओली होऊन अर्धी वाळलीसुद्धा होती. त्याच्या घरी शूला 'नंबर वन' म्हणत. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे तो शाळेच्या दारातून आत यायला तयार नव्हता.

रंग, अंक, फळं हे सगळं आम्ही सहा महिन्यांत शिकवलंच असतं. त्या सकाळी त्याला जे हवं होतं ते मात्र घरी शिकायचं होतं, आणि ते शिकवायला दोन महिने पुरले असते. पहिल्यांदाच मूल शाळेत घालणाऱ्या आईबाबांसाठी, आणि दिवसभर मूल ज्यांच्याजवळ असतं त्या आजीआजोबांसाठी, मी त्या दोन महिन्यांचं काम इथे लिहिते आहे.

आधी वेळेचं बघा. नाशकातल्या राज्य मंडळाच्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात, काही शाळा एप्रिलपासूनच सुरू होतात. तुमची शाळा जूनमध्ये उघडत असेल तर गुढीपाडव्याच्या आसपास सुरुवात करा. त्यामागे एक अगदी घरगुती कारण आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कोरडं कडक ऊन असतं, धुतलेली चड्डी तासा-दीड तासात वाळते. डायपर सोडवण्याचं काम जूनवर ढकललंत तर दोरीवर ओल्या चड्ड्यांची रांग लागेल, घरात कुबट वास येईल आणि तुमचाच धीर सुटेल. म्हणून शू-शीचं काम आधी उन्हात उरकायचं, मग जेवण, मग कपडे, आणि रेनकोट सगळ्यात शेवटी.

वयाचंही भान असू द्या. तिसरं वर्ष पूर्ण झालेलं मूल नर्सरीत जातं, चारचं ज्युनिअर केजीत, पाचचं सिनिअर केजीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा ही वर्षं शिक्षणाच्या पायाभूत टप्प्यात धरली आहेत आणि पहिलीसाठी सहा वर्षांचं वय मानलं आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून पाच वर्षांच्या मुलाच्या हातांचं कसब मागू नका. पुढे जिथे वयाचा फरक पडतो तिथे मी सांगत जाईन.

पहिली पायरी: मागता येणं

सगळ्यात आधी वाक्यं. पाचच पुरतात: "टीचर, मला शूला जायचंय." "मला पाणी हवंय." "मला इथे दुखतंय." "हे उघडून द्या ना." आणि "मला नको." ज्या मुलाला ही पाच वाक्यं अनोळखी मोठ्या माणसाशी बोलता येतात, त्याची बाकी सगळी अडचण आम्ही शाळेत निस्तरू शकतो. ज्याला येत नाहीत ते मूल गप्प बसून सोसतं. रडणाऱ्या मुलाकडे कुणाचंही लक्ष जातं, पण गप्प बसलेलं मूल तीसच्या वर्गात दिसत नाही.

घरात शू-शीसाठी जो शब्द असेल तो तपासून घ्या. नंबर वन, सूसू, पीपी, बाथरूम, काही घरांत तर आजोबांनी ठेवलेलं भलतंच नाव. घरचा शब्द टाकायची गरज नाही. त्याच्या जोडीला 'शू' आणि 'शी' शिकवा, आणि घरचा शब्द प्रवेशाच्या दिवशीच शिक्षिकेला लिहून द्या. सिडको-सातपूरला धुळे-जळगाव, मालेगाव-सटाण्याकडून आलेली कितीतरी घरं आहेत. तिथली मुलं "माले पानी जोयजे" म्हणतात, आणि नवीन आलेल्या शिक्षिकेला ते कळेलच असं नाही. अहिराणी घरातच राहू द्या, ती मुलाची माय आहे. शाळेसाठी ही पाच वाक्यं फक्त वेगळी घोटून घ्या.

सराव घराबाहेर करायचा. घरात तर मूल नुसतं बघतं आणि आई पाणी आणून देते. शेजारच्या काकूंकडे जाऊन "काकू, पाणी द्या ना" म्हणायला लावा. भाजी घेताना "दादा, एक लिंबू द्या" हे मुलालाच बोलू द्या. तुम्ही मागे उभे राहा, पण दुभाषी होऊ नका. मूल अडखळलं की आपल्या तोंडून वाक्य पटकन बाहेर पडतं, "तिला लिंबू हवंय हो." तेवढे दहा सेकंद दम धरा.

दुसरी पायरी: शू आणि शी

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण जूनमध्ये आमचे निम्मे अश्रू इथले असतात.

बहुतेक मुलं दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कधीतरी तयार होतात. मूल दोन तास कोरडं राहतं, शी येताना कोपऱ्यात किंवा पडद्यामागे जातं, ओलं झाल्यावर चिडतं, साधी सूचना ऐकून ती गोष्ट करतं. ही चिन्हं दिसली की दिवसाचा डायपर पूर्ण बंद करा. आज घातला, उद्या काढला असं केलंत तर मुलाचा गोंधळ होतो. सैल इलास्टिकच्या सुती चड्ड्या दहा-बारा घेऊन ठेवा. सकाळी उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर, बाहेर जाण्याआधी आणि मध्ये दर दीड-दोन तासांनी बसवा. नाश्त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी शीला बसवण्याची सवय खास उपयोगी पडते. पोटात अन्न गेलं की आतडी हलू लागतात, त्यामुळे ती वेळ शरीरालाही सोयीची असते. शाळेची गाडी साडेसातला येणार असेल तर नाश्ता पावणेसातला हवा. त्या हिशेबानं घराचं घड्याळ मे महिन्यातच बदला.

चड्डी ओली झाली तर रागावू नका, आणि पाहुण्यांसमोर तर मुळीच बोलू नका. "काही नाही, चल, आपण बदलू" म्हणा आणि ओली चड्डी बादलीत टाकायचं काम मुलाकडे द्या. घाबरलेलं मूल शी रोखून धरतं. रोखली की ती घट्ट होते, घट्ट झाली की दुखते, आणि दुखलं की मूल आणखी रोखतं. या फेऱ्यात अडकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना ओरडून काही होत नाही. पाणी, फळं, भाज्या आणि गरज पडली तर बालरोगतज्ज्ञ, हाच त्याचा उपाय.

आता शाळेतल्या संडासाचं. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या नव्या इमारतींमध्ये घरात फक्त कमोड असतो. शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असू शकतो. कमोडवर वाढलेल्या मुलाला उकिडवं बसताच येत नाही, तोल जातो, आणि ते भोक बघून भीती वाटते. प्रवेश घेताना संडास स्वतः जाऊन बघा आणि मुलालाही दाखवा. यात लाजायचं काहीच नाही. उकिडवं बसण्याचा सराव खेळातून होतो: कुंडीतली माती उकरणं, जमिनीवरचे मणी वेचणं, अंगणात खडूनं चित्र काढणं. मे महिन्यात निफाड, दिंडोरी, सिन्नरकडे गावी जाणार असाल तर तिथे मुलाला तुमच्या हाताला धरून बसू द्या. चार-आठ दिवसांत भीती जाते.

चड्डी पूर्ण काढायची नाही, गुडघ्यापर्यंत खाली करायची आणि झाल्यावर दोन्ही हातांनी मागून वर ओढायची. मागची बाजू वर ओढायचं हमखास राहून जातं, ते वेगळं शिकवा. बेल्ट, नाडी आणि घट्ट जीन्स हे पहिल्या वर्षात नकोच. चेनच्या पँटऐवजी इलास्टिकची पँट चालेल का, ते शाळेला विचारा. बहुतेक शाळा हो म्हणतात.

धुण्याचं काम कठीण आहे. तीन वर्षांच्या मुलाचा हात मागे नीट पोचतच नाही. चार-पाच वर्षांचं मूल मग किंवा जेट वापरून जमेल तसं धुतं, पण तपासायला मोठं माणूस लागतं. मुलींना पुढून मागे धुवायचं हे पहिल्यापासून शिकवा, मागची घाण पुढे येऊन लघवीला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. शाळेत शी धुवायला कोण मदत करतं, ते नावानिशी विचारून घ्या आणि मुलाला सांगा: "शाळेत शी झाली की मावशींना हाक मारायची. मावशी धुऊन देतील." हे आधी सांगितलेलं नसेल तर मूल घरी येईपर्यंत शी रोखतं.

आणि पाणी. शाळेच्या संडासाला घाबरणारी मुलं पाणीच पीत नाहीत. दुपारी बाटली भरलेलीच परत आली तर डब्याइतकंच तिच्याकडेही लक्ष द्या.

रात्रीची गोष्ट वेगळी आहे. पाच वर्षांपर्यंत झोपेत शू होणं अगदी नेहमीचं असतं. त्यावरून मूल शाळेला तयार नाही असं समजू नका.

तिसरी पायरी: हात आणि नाक

हात धुताना साबण लावून किमान वीस सेकंद चोळायचं. मुलाला सेकंद कळत नाहीत, म्हणून सावकाश वीस आकडे मोजायचे किंवा आवडतं बडबडगीत दोनदा म्हणायचं. तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं. एवढं झालं की पुरे. एक बारीक गोष्ट मात्र बघा: घरी वर उचलायचा नळ असेल आणि शाळेत फिरवायचा असेल, तर मूल नळासमोर नुसतं उभं राहतं. दोन्ही प्रकारचे नळ उघडता आणि बंद करता यायला हवेत. घरात एकच प्रकार असेल तर आजीच्या घरी किंवा सोसायटीच्या बागेतल्या नळावर शिकवा.

नाक शिंकरणं कुणी शिकवतच नाही. आई रुमाल धरते आणि म्हणते, "जोरात!" मुलाला कळत नाही की नेमकं काय जोरात करायचं, आणि ते नाक आत ओढतं. असं शिकवा: टेबलावर कापसाचा छोटा बोळा ठेवा आणि तोंडानं फुंकून पुढे ढकलायला सांगा. ते जमलं की तोंड मिटून नाकानं ढकलायला सांगा. बोळा हलला की मुलाला त्या 'फुंकरी'ची जाणीव होते. मग रुमाल, एक नाकपुडी दाबून दुसरी मोकळी करायची. पावसाळ्यात शाळेत सर्दीची साथ असतेच, तेव्हा हे फार उपयोगी पडतं. शिंक आली की तोंड कोपरात लपवायचं, तेही याच सुमाराला शिकवून टाका.

चौथी पायरी: डबा

बालवाडीत डब्याची सुट्टी साधारण पंधरा-वीस मिनिटांची असते. घरी मोबाइल लावून, मागे फिरून भरवलेलं जेवण तासभर चालतं. हा फरक मुलाला पहिल्याच दिवशी कळतो, आणि डबा तसाच परत येतो. मग आई म्हणते, "शाळेत लक्ष देत नाहीत." लक्ष देतात. पण तीस मुलांना कुणी भरवू शकत नाही.

भरवणं एकदम बंद करू नका. मुलाला कडकडून भूक लागली असेल तेव्हाचे पहिले चार घास त्याचे त्यानं खायचे, मग हवं तर तुम्ही भरवा. चार दिवसांनी सहा घास, आठवड्यानं दहा. पहिले घास मुलाकडे ठेवायचे, कारण तेव्हा भूक मदतीला असते. खाली वर्तमानपत्र पसरा. सांडेल, कपडे भरतील, आमटी कोपरापर्यंत ओघळेल. महिनाभर ते चालवून घ्या. मोबाइल आणि टीव्ही बंद. शेवटच्या दोन आठवड्यांत शाळेचाच डबा, शाळेचीच वेळ आणि शाळेसारखं खाली बसून, असं रोज एकदा खाऊ द्या.

पोळी तोडणं हे खरं कसब आहे. एका हातानं पोळी तोडायला मोठ्यांनाही लहानपणी वेळ लागलेला असतो, आपल्याला ते आठवत नाही इतकंच. मुलाला आधी दोन्ही हातांनी तोडू द्या. पोळीला तूप जास्त लावा म्हणजे ती मऊ राहते. नर्सरीच्या वयात पोळीचे तुकडे करून दिले तरी चालतात, किंवा भाजी घालून गुंडाळी करून द्या. पहिल्या आठवड्यात डब्यात नवीन काही नको. जे मूल घरी डोळे झाकून खातं तेच द्या, मग ते रोज तूप-साखरपोळी का असेना.

डबा विकत घेताना मुलाला दुकानात बरोबर न्या आणि दुकानातच तीन वेळा उघड-बंद करून दाखवायला सांगा. जो जमला तो घ्यायचा. चित्र कुठलं आहे ते नंतर. चारही बाजूंनी खटके असलेले घट्ट डबे मोठ्यांच्या हाताला बरे वाटतात, पण तीन वर्षांच्या बोटांत तेवढा जोर नसतो. पाण्याच्या बाटलीचंही तसंच. अजून एक, जे पुष्कळांच्या लक्षात येत नाही: गरम भाजी भरून लगेच झाकण लावलं तर आतली वाफ निवते आणि झाकण आत ओढलं जाऊन गच्च बसतं. घरी सहज उघडणारा डबा शाळेत उघडत नाही तो यामुळे. पदार्थ कोमट झाल्यावरच झाकण लावा.

आता द्राक्षांबद्दल, आणि हे नाशिककरांनी नीट वाचावं. जानेवारी ते एप्रिल घराघरात द्राक्षाच्या पेट्या असतात आणि डब्यात सोलायला न लागणारं फळ म्हणून आपण ती सहज घालतो. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या श्वासनलिकेत अगदी फिट्ट बसतं. ते गुळगुळीत असतं, दबतं, आणि हवेला जागाच ठेवत नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला द्राक्ष उभं चिरून, चार फोडी करूनच द्यायचं. आडवं चिरलं तर गोल चकती राहते, म्हणून उभंच. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू, पॉपकॉर्न, गोल कडक गोळ्या हेही या वयात डब्यात नकोत. शेंगदाण्याचा कूट चालतो. आणि खाताना बसून खायचं, पळायचं नाही, तोंडात घास असताना खिदळायचं नाही. हा नियम घरात सगळ्यांना सारखाच असू द्या.

खाऊन झालं की झाकण लावून डबा पिशवीत ठेवायचा आणि सांडलेलं उचलायचं. हे तीन वर्षांचं मूल हमखास करू शकतं आणि त्याला ते आवडतंही.

पाचवी पायरी: कपडे, बूट, रेनकोट

इथे एक युक्ती सांगते, तिच्यावर मी सोळा वर्षं काम काढलं. काम शेवटाकडून शिकवायचं. जॅकेटची चेन घ्या. खालचा खटका तुम्ही अडकवा, चेन गळ्यापर्यंत आणा आणि शेवटचे दोन इंच मुलाला ओढू द्या. मग शेवटचं अर्धं, मग पूर्ण, आणि सगळ्यात शेवटी खालचा खटका. असं केलं की मुलाच्या वाट्याला दर वेळी 'झालं!' येतं. सुरुवातीपासून शिकवलं तर सगळ्यात अवघड भाग आधी येतो आणि मूल चेन फेकून देतं. मोजे, टी-शर्ट, चड्डी, सगळ्याला हीच रीत. मोजा टाचेपर्यंत तुम्ही चढवा, वर मूल ओढेल. चेनच्या टोकाला रिबिनीचा तुकडा बांधलात तर बोटांना पकडायला सोपं जातं.

बटणं आधी काढायला शिकवायची, मग लावायला. काढणं बहुतेकांना तीन-साडेतीनला जमतं, लावायला चारच्या पुढे. आजोबांचा जुना शर्ट उशीला घाला आणि उशी मुलाच्या मांडीवर द्या. स्वतःच्या छातीवरचं बटण मुलाला दिसत नाही, समोरचं दिसतं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत बटणं, चेन, नाड्या लावलेल्या लाकडी चौकटी असतात, त्या याच कामासाठी. आपल्याला चौकट विकत घ्यायची गरज नाही, उशी पुरते. तेवढ्यावरून आठवलं म्हणून लिहिते: ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा त्यांच्या अंगणवाडीतल्या शिक्षणाचाच भाग होता. शरीराची काळजी हे 'अभ्यासाच्या आधीचं किरकोळ काम' आहे असं त्यांनी कधी मानलं नाही.

बूट वेल्क्रोचे घ्या. नाडी बांधणं पाच-सहा वर्षांचं काम आहे, त्यात आत्ता वेळ घालवू नका. डावा-उजवा कळण्यासाठी एक गोल स्टिकर मधोमध कापा. अर्धा डाव्या बुटात आतल्या कडेला, अर्धा उजव्यात. दोन्ही बूट शेजारी ठेवून चित्र पूर्ण झालं की बूट बरोबर.

मेन रोड-शालिमारला युनिफॉर्म घ्यायला जाल तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यातली गर्दी टाळा, मे महिन्यातच घ्या. नवा कपडा कडक असतो, काजं घट्ट असतात. दोन-तीनदा धुऊन मऊ करा आणि मुलाला तो घालून घरात वावरू द्या.

रेनकोट शेवटी. जमिनीवर रेनकोट उघडा पसरा, आतली बाजू वर आणि टोपी मुलाच्या पायांकडे. मुलानं वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि हात डोक्यावरून मागे न्यायचे. रेनकोट आपोआप अंगावर येतो. मुलांना ही जादूच वाटते आणि ती दिवसातून वीस वेळा करतात. काढल्यावर झटकून खुंटीला अडकवायचा, म्हणून त्याच्या मानेशी भक्कम लूप शिवून द्या.

सहावी पायरी: आपलं सामान ओळखणं

याला फार वेळ लागत नाही. प्रत्येक वस्तूवर नाव हवंच, पण मुलाला अजून वाचता येत नाही. म्हणून दप्तर, बाटली, डबा आणि रेनकोट या चारही वस्तूंवर एकच खूण करा. पिवळी रिबीन, पोपट, काहीही. एका वर्गात एकाच चित्राची सहा दप्तरं असतात. दप्तर भरणं आणि रिकामं करणं रोज मुलासमोर, मुलाच्या हातून. ओल्या कपड्यांसाठी पिशवी आणि कपड्यांचा एक जोड आत कुठे ठेवला आहे, ते त्याला दाखवून ठेवा.

सातवी पायरी: आईशिवाय राहणं

ज्या घरात मूल कधीच आईपासून दूर राहिलेलं नाही, तिथे हे आधीपासून करावं लागतं. मावशीकडे, आजीकडे, शेजारी. आधी पंधरा मिनिटं, मग तास, मग तीन तास. जाताना सांगून जा आणि सांगितलेल्या वेळी या. मूल खेळात रमल्यावर गुपचूप सटकणं फार जण करतात आणि ते फार महागात पडतं. पुढे मूल खेळायचं सोडून दारावर लक्ष ठेवून बसतं. वेळ घड्याळावर सांगू नका. "तू डबा खाशील, मग गाणी होतील, मग मी येईन" असं सांगा.

झोप याच्याशी जोडलेली आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसकट दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते. रात्री अकराला झोपणाऱ्या मुलाला सकाळी सहाला उठवलं तर शाळेच्या दारातलं निम्मं रडणं झोपेचं असतं. शाळा सुरू होण्याआधी तीन आठवडे झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा.

चार वर्षांच्या मुलाला स्वतःचं पूर्ण नाव, आईबाबांची नावं, आपण कुठे राहतो ते, म्हणजे राणेनगर, मखमलाबाद नाका, जेल रोड, जे असेल ते, आणि एक फोन नंबर सांगता यायला हवा. नंबर चाल लावून म्हटला की आठवड्यात पाठ होतो. व्हॅनचे काका आणि न्यायला येणारं माणूस कोण, ते ठरवून द्या. दुसरं कुणी आलं तर टीचरला विचारल्याशिवाय जायचं नाही.

शरीराच्या सगळ्या अवयवांना नावं द्या, चड्डीच्या आतल्यासुद्धा. धुवायला मदत करताना आई, आजी, शाळेतल्या मावशी किंवा तपासताना आईबाबांसमोर डॉक्टर, यांच्याखेरीज कुणी तिथे हात लावायचा नाही. लावला तर लगेच सांगायचं, आणि "कुणाला सांगू नको" असं कुणी म्हटलं तर नक्कीच सांगायचं. हे भीती घालून नको, आंघोळीच्या वेळी सहज बोलता बोलता. मुलांच्या संदर्भातली कुठलीही अडचण असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये असू द्या.

कधी डॉक्टरांना विचारायचं

तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्दांचं वाक्य बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, चार पूर्ण झाल्यावरही दिवसा सतत ओलं होत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट अचानक करेनासं झालं असेल, तर 'मोठं झालं की येईल' म्हणून थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणी करतं. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे, तपासणी मोफत असते आणि गरज लागली तर पुढच्या उपचारासाठी पाठवतात. अंगणवाडीताईंना विचारून ठेवा. अशा मुलाला शाळेत घालू नये असं मी म्हणत नाही. शाळेला आधी मोकळेपणानं सांगा, म्हणजे आम्हाला तयारी करता येते.

पहिला दिवस

घरून निघताना शूला जाऊन यायचं. दारात पोचलात की एक मिठी, "मी डब्यानंतर येते," आणि वळायचं. मूल रडेल. तुम्ही खिडकीतून डोकावत राहिलात तर ते रडत राहील. तुम्ही दिसेनासे झालात की बहुतेक मुलं काही मिनिटांत सावरतात. ती न सावरली तर आम्ही फोन करतो.

न्यायला वेळेआधी पाच मिनिटं जा. पहिल्या आठवड्यात उशीर नकोच. भेटल्याबरोबर "आज काय शिकलास?" विचारू नका. विचारा, "डबा उघडला का रे तुझा तुला?" घरी आल्यावर बूट जागेवर, हात धुवायचे, दप्तर उघडायचं. ओल्या कपड्यांची पिशवी भरलेली निघाली तर ती बादलीत रिकामी करायची, काही न बोलता. डबा बाहेर काढून मोरीत ठेवायचं काम मुलाचं. पहिल्या दिवशी तो अर्धा भरलेला असेल. तसाच घासायला टाका.